पिंगळ्याची लाकडी पेटी, रुपये १,४५०: घ्यायची का?

सिंहगड रस्त्यावरच्या एका नर्सरीत कुंड्यांच्या मागच्या भिंतीला पक्ष्यांच्या लाकडी पेट्या टांगलेल्या असतात. चिमणीची छोटी, दयाळाची मधली, पिंगळ्याची मोठी. मी मोठी घेतली, १,४५० रुपयांना. घासाघीस केली, पण पन्नास रुपयेही सुटले नाहीत. दुकानाचं नाव लिहीत नाही. जे बोलायचं ते मालकांच्या तोंडावर बोलून झालंय, आणि याच नमुन्याची पेटी थोड्याफार फरकाने पुण्यात इतरत्रही मिळते. तेव्हा हे परीक्षण दुकानाचं नाही, पेटीचं समजा.

माझी सगळी नोकरी पॅटर्नशॉपमध्ये गेली. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी जो लाकडी नमुना लागतो, तो करायचं आमचं काम. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा. वाळूतून अलगद सुटावा म्हणून त्याला किंचित उतार द्यायचा. अर्धा मिलिमीटर चुकला की खालून शिव्या यायच्या. त्यामुळे लाकडाची कुठलीही वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करून बघतो.

फळ्या पाइनच्या, १२ मिलिमीटर जाड. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्याच खोक्यांचं लाकूड. एका फळीवर आतून निळ्या छाप्याची अर्धी अक्षरं अजून दिसतात. याला माझी हरकत नाही, वाळलेलं लाकूड आहे, वाकत नाही. जोड गुण्यात, म्हणजे नेमके काटकोनात आहेत. छप्पर पुढे चांगलं चार बोटं आलंय. भोक सात सेंटिमीटरचं, पिंगळ्याला बेताचं, आणि तळापासून पुरेसं उंच, म्हणजे मांजराचा पंजा आत गेला तरी पिल्लापर्यंत पोचायचा नाही. बाजूची फळी बिजागरीवर उघडते, हंगाम संपल्यावर आतला कचरा काढता येतो. इथपर्यंत करणाऱ्याने डोकं वापरलंय.

पुढे मात्र घाई केली आहे. तळ एमडीएफचा. एमडीएफ म्हणजे भुसा आणि डिंक. पहिल्याच वळवात त्याच्या कडा फुगून आल्या आणि खिळ्यांनी जागा सोडली. पाणी निथळायला तळाला एकही छिद्र नाही. आतून चकचकीत व्हार्निश मारलंय. दिसायला छान, पण त्याचा वास काही केल्या जात नाही, आणि गुळगुळीत भिंतीवर पिल्लं वर चढणार कशी? ढोलीची आतली बाजू खरखरीत असते, नखं रुततात. भोकाखाली एक गोल खुंटी ठोकली आहे, ‘पक्ष्याला बसायला’. पिंगळ्याला ती लागत नाही, तो थेट भोकाच्या काठावर येतो. कावळ्याला मात्र आत मान घालून बघण्यासाठी स्टूल दिल्यासारखं झालं.

हे सगळं मी एका दुपारी पटाशी आणि पॉलिश पेपर घेऊन नीट केलं. नीट न होणारी गोष्ट वेगळी आहे. पेटीला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर हिरव्या अक्षरांत छापलंय: ‘नैसर्गिक ढोलीला शंभर टक्के पर्याय’.

ती चिठ्ठी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोचली. सहकारनगरच्या आमच्या फाटकाशी एक जुना वर्षावृक्ष आहे, ज्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात. त्याची पार्किंगकडची एक जाड फांदी वठली आहे. तांबटाने तिला भोकं पाडली आहेत, आणि फांदी खोडाला मिळते तिथल्या जुन्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. फांदी गाड्यांवर पडेल ही भीती खोटी नव्हे. पण एका सभासदांनी माझी पेटी सगळ्यांसमोर उंच धरली आणि म्हणाले, “काका, तुम्हीच पर्याय घेऊन आलात की! पेटी लावू, फांदी बुंध्यापासून काढू. पक्षीही खूश, आपणही खूश.” सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले.

मी म्हटलं, जरा थांबा. ही पेटीची कल्पना एका देशात फार मोठ्या प्रमाणावर करून बघितली आहे, आणि तिथलं गिऱ्हाईक पिंगळ्याहून बरंच नाजूक होतं. मग मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण या पेटीची किंमत ठरवायची तर ते कळायला हवं.

माझी पुतणी मेलबर्नला असते. मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला समुद्र दाखवायच्या आधी जंगलात नेलं. ती सुट्टीच्या दिवशी लेडबीटर्स पॉसम मोजणाऱ्या लोकांबरोबर जाते. हा कांगारूच्या गोतावळ्यातला, पोटाला पिशवी असलेला, पण झाडावर राहणारा आणि रात्रीच बाहेर पडणारा प्राणी. वजन १०० ते १६० ग्रॅम. करडा-तपकिरी रंग, पाठीवरून एक गडद पट्टा, आणि शेपूट टोकाकडे रुंद होत गेलेली. पडदा पसरून हवेत तरंगणारे शुगर ग्लायडर याचे जवळचे नातलग, पण याला तो पडदा नाही. हा फांदीवरून फांदीवर उड्याच मारतो, त्यामुळे झाडं एकमेकांना लागून दाट हवीत.

१८६७ मध्ये मेलबर्नच्या संग्रहालयाचे प्रमुख फ्रेडरिक मॅकॉय यांनी त्याची शास्त्रात नोंद केली आणि संग्रहालयात प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या जॉन लेडबीटर यांचं नाव त्याला दिलं. कारागिराचं नाव प्राण्याला मिळालं हे मला फार आवडलं. आमच्या धंद्यात कारागिराचं नाव गेटपासच्या पलीकडे जात नाही. मोजके नमुने मिळाले, शेवटचा १९०९ मध्ये, आणि मग कुणालाच दिसेना. संपला असं धरून चालले होते. १९६१ मध्ये एरिक विल्किन्सन यांना तो मेरीसव्हिलजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. १९७१ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने त्याला राज्यप्राणी केलं, आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं.

आपला राज्यप्राणी शेकरू. भीमाशंकरला गेलात तर त्याची काटक्या-पानांची घरटी उंच फांद्यांवर दिसतात, आणि एकेका शेकरूची अशी बरीच असतात. एक मोडलं तर दुसरं बांधेल. पॉसमला ते जमत नाही. तो ढोलीत साल कुरतडून त्याच्या तंतूंचं गोल अंथरूण करतो, पण ढोली त्याला आयती लागते. एका ढोलीत दहा-बाराजणांपर्यंतचं कुटुंब, त्यात विणारी जोडी एकच, आणि सत्ता बाईची. मुलगी मोठी झाली की आईच तिला बाहेर काढते, मुलगे जास्त दिवस घरी राहतात. आमच्या हिला हे सांगितलं तर म्हणाली, यात नवीन काय?

आता ढोली कुठून येते ते बघा. तिथली झाडं माउंटन अ‍ॅश, निलगिरीच्या जातीची. फुलं येणाऱ्या झाडांत जगातल्या सगळ्यात उंच झाडांमध्ये याची गणना होते. टास्मानियातलं या जातीचं एक झाड १०० मीटरच्या आसपास आहे. टूलंगीच्या जंगलात कलाथा जायंट नावाचं एक आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलो तर खोडाची एक बाजू म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्याची भिंत. असल्या झाडाला ढोली पडायला किमान १२० वर्षं लागतात, आणि पॉसमला पसंत पडेल अशी पडायला १९०च्या आसपास. कारण ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाही. एक जातही नाही. लाकूड पोखरून भोक पाडणारं पाखरू नसल्यामुळे फांदी मोडावी, तिथे बुरशी शिरावी, मग वाळवीने आणि वणव्याने बाकीचं करावं, एवढ्यावरच सगळं अवलंबून. आपल्याकडे तांबट एका हंगामात मऊ वठलेल्या फांदीत घर कोरतो आणि पुढच्या वर्षी ते सोडून दुसरं कोरतो. त्याने सोडलेल्या घरात दयाळ राहतो, भोक रुंदावलं की साळुंकी येते. आपण किती श्रीमंत आहोत ते मला तिथे कळलं.

नुसती म्हातारी झाडं असूनही भागत नाही. पॉसम खातो काय, तर वॅटलचा डिंक. वॅटल म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड. सालीला दात लावून जखम करायची आणि पाझरणारा रस चाटायचा, जोडीला रातकिडे, कोळी. वॅटल मात्र तरुण जंगलात माजते. म्हणजे राहायला दोनशे वर्षांचं झाड आणि खायला वीस-तीस वर्षांचं, आणि दोन्ही एकाच ठिकाणी. १३ जानेवारी १९३९च्या वणव्याने हा योग एकदा जुळवून आणला. माउंटन अ‍ॅश वणव्यात मरतो, त्याला पुन्हा फुटवे येत नाहीत, राखेत बी पडून नवं रान उगवतं. जुनी झाडं जळून उभीच राहिली, ढोल्यांसकट; खाली वॅटल माजली. पॉसमची पुढची काही दशकं बरी गेली. पण वठलेलं झाड किती वर्षं उभं राहणार? ती एकेक करून कोसळत आली आहेत, आणि १९३९ नंतरची झाडं अजून नव्वदीच्या आत आहेत. जुनं घर पडलं आणि नवं तयार व्हायला आणखी शंभर वर्षं आहेत, असा तो मधला खड्डा आहे. त्यात २००९च्या फेब्रुवारीत पुन्हा मोठा वणवा आला, लेक माउंटनवरची बरीचशी पॉसम त्यात गेली. आणि या सगळ्यात लाकूडतोड चालूच होती. सरसकट तोडायचं, पुन्हा पेरायचं, आणि झाड ढोली धरायच्या वयाला येण्याआधीच पुन्हा तोडायचं. लाकूड फ्लोअरिंगला, लगदा कागदाला. व्हिक्टोरियाने सरकारी मालकीच्या नैसर्गिक जंगलातली ही तोड १ जानेवारी २०२४ पासून थांबवली.

मोजणी कशी करतात ते बघण्यासारखं आहे. संध्याकाळी प्रत्येकाला एक वठलेलं झाड नेमून देतात. त्याच्या बुंध्यापासून थोडं लांब बसायचं, मान वर, टॉर्च बंद, बोलायचं नाही. आकाशाचा उजेड सरता सरता ढोलीतून कोण बाहेर पडतं ते आभाळावरच्या काळ्या सावलीवरून मोजायचं. मला थंडीने कानशिलं बधिर झाली, माझ्या झाडातून कुणीही निघालं नाही. शेजारच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला दोन दिसले. सावली भोकाच्या काठावर येते, क्षणभर थांबते आणि सरळ उडी मारते, असं त्याने नंतर हाताने करून दाखवलं. मी म्हटलं, तुमचं झाड चांगलं होतं. पुतणी म्हणाली, “काका, रिकामं झाडसुद्धा नोंदवायचं असतं.”

आता पेट्या. तिथेही लोकांनी हाच विचार केला: ढोल्या कमी आहेत ना, मग टांगा पेट्या. डेव्हिड लिंडेनमायर आणि त्यांचे सहकारी १९८३ पासून त्या जंगलांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी माउंटन अ‍ॅशच्या रानात लावलेल्या पेट्यांवर बरीच वर्षं नजर ठेवली. पॉसम फारशा पेट्यांत आले नाहीत. काहींत मधमाश्यांनी पोळी केली, बऱ्याच कुजल्या, पडल्या. मोठ्या रानात ढोल्यांची जागा पेट्यांनी भरून निघेल असं त्यातून काही दिसलं नाही. मधमाश्यांचं मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत कुणी हीच पेटी लावली होती, तिच्यात सातेरी मधमाश्यांनी घर केलं आणि अग्निशमन दलाला बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली.

पेटी कुठेच चालत नाही असंही म्हणता येत नाही, हे मी मीटिंगमध्येही सांगितलं. येलिंग्बोच्या दलदलीतल्या छोट्याशा रानात, जिथे ढोलीची झाडं फारशी नाहीत, तिथले पॉसम बरेचसे पेट्यांच्याच आधाराने टिकले आहेत. पण तिथे माणसं शिड्या घेऊन जातात, तपासतात, कुजलेली बदलतात. हे काम संपत नाही. अलीकडे जिवंत झाडाच्या खोडातच यंत्रकरवतीने पोकळी कोरायची आणि वर भोक पाडलेली फळी बसवायची असंही करतात. पॉसम त्यातही राहायला आले. कारण उघड आहे: भिंत जाड मिळते. जाड भिंत थंडीत ऊब धरते आणि उन्हात तापत नाही.

भिंतीच्या जाडीचा हा मुद्दा घरी आल्यावर मी तपासला. एप्रिलच्या दुपारी पेटीत थर्मामीटर ठेवला. बाहेर सावलीत ३८, पेटीत ४२. त्याच वेळी माळ्याला शिडीवर चढवून दुसरा थर्मामीटर फांदीतल्या रिकाम्या भोकात दोरीने सोडला, तिथे ३५. बारा मिलिमीटर पाइनकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. मीटिंगमध्ये हे आकडे कागदावर लिहून फिरवल्यावर मात्र जरा शांतता झाली. आकड्यांचा पुण्यात अजून मान आहे.

फांदीचं काय झालं ते सांगतो, कारण विचारणारे विचारतीलच. महापालिकेच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, १९७५चा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि आमचं त्यात बसतं. परवानगी घेऊन फांदीचा पार्किंगवर येणारा शेंडा तेवढा उतरवला, खोडाकडचा जाड ठोकळा भोकांसकट ठेवला. वजन गेलं, भीती गेली. पिंगळे त्यांच्या ढोलीतच आहेत. संध्याकाळी फाटकाच्या दिव्यापाशी किडे जमतात तेव्हा दोघं केबलवर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोकं खालीवर करून बघतात, वॉचमनने करावं तसं, फक्त जास्त लक्ष देऊन.

आणि पेटी? ती मी मागच्या बाजूला आंब्यावर लावली, तोंड पूर्वेला, कारण आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. तळ काढून सागाची फळी घातली, कोपऱ्यांत पाच मिलिमीटरची छिद्रं पाडली. आतलं व्हार्निश खरवडून भोकाखालच्या भिंतीवर करवतीने आडव्या खाचा मारल्या. खुंटी उपटली, तिचं भोक लाकडी डाट ठोकून बुजवलं. तळावर दोन मुठी कोरडा भुसा. साळुंक्यांनी ताबडतोब ताबा घेतला. हंगाम संपल्यावर आतून काड्या, पिसं, दुधाच्या पिशवीचे तुकडे आणि कुणाच्या तरी हातातला गंडा निघाला. पिंगळा एकदा छपरावर बसलेला दिसला, आत गेला नाही. जातही कशाला, त्याचं घर शाबूत आहे.

तर घ्यायची का? तुमच्या आवारात जुनं झाड नसेल, नव्या इमारतीत दहा वर्षांचे बहावे आणि कडुनिंब असतील, तर जरूर घ्या. तिथे पेटी कामाची आहे. पण मोठीऐवजी दयाळाची मधली घ्या, ६५० रुपये. तिचा तळ अखंड पाइनचा आहे, खुंटीही नाही. दोन्ही पेट्या एकाच माणसाने केल्यात असं वाटत नाही. मोठीच हवी असेल तर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये सागाचे तुकडे मिळतात, तळाला तेवढा एक पुरतो. खिळे नकोत, पितळी स्क्रू घ्या. दिवाळीच्या आत लावा, म्हणजे पाखरांना पेटी ओळखीची व्हायला हिवाळा मिळतो. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी उघडून साफ करायची तयारी नसेल तर १,४५० रुपयांची दोन मोठी रोपं आणा, तो व्यवहार चांगला.

आवारात वठलेली फांदी असेल तर आधी ती किती वाचवता येते ते बघा, पेटीचं नंतर.

माझ्याकडून पेटीला दहापैकी पाच, चिठ्ठीला शून्य. नर्सरीच्या मालकांना मी चिठ्ठी बदला म्हणून सांगून आलो. माणूस सज्जन आहे, त्यांनी ऐकून घेतलं, खुंटी काढायचं कबूलही केलं. चिठ्ठीचं मात्र म्हणाले, “काका, दोन हजार छापून ठेवल्यात. संपल्या की बघू.”